मार्जो गॉर्टनरने कबुली दिली, पण कोणासमोर?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. 'मार्जो' हा १९७२ चा अमेरिकन माहितीपट तुम्ही पाहिलात आणि त्यातला भोंदू धर्मोपदेशक कॅमेऱ्यासमोर आपली सगळी लबाडी उघड करतो, याला प्रायश्चित्त म्हणायचे की त्याचाच आणखी एक खेळ, हे तुम्हाला ठरवता येईना. दुसरा भाग तुमच्या पटकथेबद्दलचा आहे. कमी पैशांत करायच्या तुमच्या मराठी चित्रपटातला महाराज सप्ताहात काल्याच्या दिवशी व्यासपीठावरून साऱ्या गावासमोर आपला गुन्हा कबूल करतो, गाव रडते आणि चित्रपट संपतो. हा शेवट प्रेक्षकाला पटेल का, असे तुम्ही विचारता. मी संकलक आहे, माहितीपट आणि कथापट दोन्ही जोडत आलो आहे, तेव्हा उत्तरही संकलकाच्या खुर्चीतूनच देणार. मत आधीच सांगतो. 'मार्जो' हा विलक्षण चित्रपट आहे, पण त्यात प्रायश्चित्त नाही, आणि तुमचा शेवट आज आहे तसाच राहिला तर तो उभा राहणार नाही. दोन्हींचे कारण एकच आहे.

ज्यांनी हा माहितीपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी द्यावी लागेल. मार्जो गॉर्टनरचा जन्म १९४४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा. मेरी आणि जोसेफ ही दोन नावे जोडून आईवडिलांनी त्याचे नाव तयार केले, म्हणजे बारशालाच पोराचा धंदा ठरला होता. वडीलही उपदेशकच. चार वर्षांच्या या मुलाने एका जोडप्याचे लग्न लावले, त्याचे वृत्तपटवाल्यांनी चित्रण केले आणि 'जगातला सर्वांत लहान धर्मोपदेशक' म्हणून अमेरिकेच्या दक्षिण आणि मध्य भागातल्या पेंटेकोस्टल या भावावेशी ख्रिस्ती पंथाच्या सभांमधून त्याला फिरवायला सुरुवात झाली. प्रवचने तोंडपाठ करवून घेतली जात. चुकले तर आई त्याचे डोके नळाखाली धरी किंवा तोंडावर उशी दाबे. मारत मात्र नसे, कारण अंगावरचे वळ छायाचित्रांत दिसले असते. हे तो स्वतः चित्रपटात सांगतो, आणि इतक्या सपाट आवाजात सांगतो की ऐकणाराच अस्वस्थ होतो. त्याच्या अंदाजाप्रमाणे सोळा वर्षांचा होईपर्यंत कुटुंबाने त्याच्या जिवावर सुमारे तीस लाख डॉलर कमावले. मग वडील ते पैसे घेऊन निघून गेले. मार्जोने हे जग सोडले, काही वर्षे इकडेतिकडे काढली आणि विशीत तो पुन्हा व्यासपीठावर आला. या वेळी कोणी उशी धरलेली नव्हती. वर्षातले काही महिने सभा करायच्या आणि उरलेले महिने त्या कमाईवर मजेत काढायचे, असा हिशेब होता. आपला देवावर विश्वास नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

या माणसाने १९७१ मध्ये एका शेवटच्या दौऱ्यावर चित्रपटवाल्यांना बरोबर घेतले. हॉवर्ड स्मिथ हा न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकाचा स्तंभलेखक, आणि त्याची सहदिग्दर्शक सॅरा कर्नोकन तेव्हा विशीतच होती. कोणताही मोठा स्टुडिओ पाठीशी नव्हता. तयार झालेला चित्रपट १९७२ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि मार्च १९७३ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर मिळाले.

इथे कायद्याची एक बाजू पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यामुळे या कबुलीचे वजन कळते. मार्जो जन्मला त्याच वर्षी, १९४४ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध बॅलार्ड' हा निकाल दिला. बॅलार्ड कुटुंबीयांनी आपल्याला दैवी शक्तीने रोग बरे करता येतात असे सांगून टपालाने पैसे गोळा केले होते. न्यायालयाने म्हटले की, धार्मिक दावा खरा की खोटा याची तपासणी ज्यूरीने करायची नाही. तपासायचे तर एवढेच, की सांगणाऱ्याचा स्वतःचा त्यावर प्रामाणिक विश्वास होता की नाही. आता सांगा, माणसाच्या मनात विश्वास आहे की नाही याचा पुरावा आणणार कुठून? भोंदू उपदेशकाला तिथे सहसा कोणी हात लावू शकत नाही ते याचमुळे. त्याचे पोट चिरून कोणी पाहू शकत नाही. मार्जोने नेमके तेच स्वतः चिरून दाखवले. कायद्याला जो एकच पुरावा चालला असता, तो त्याने आपल्या तोंडाने, कॅमेरा चालू असताना दिला. या धाडसाचे श्रेय त्याच्याकडून काढून घेण्याचे कारण नाही.

पण धाडस ही एक गोष्ट आणि प्रायश्चित्त ही दुसरी. चित्रपटाच्या सुरुवातीच्या भागातला हॉटेलच्या खोलीतला प्रसंग पुन्हा काढून पाहा. मार्जो चित्रपटाच्या चमूला शिकवतो आहे. केस वाढवलेली ही शहरी पोरे उद्या सभेच्या तंबूत जाणार. तिथे सिगारेट ओढायची नाही, सभेतल्या मुलींच्या मागे लागायचे नाही, कोणी तुमच्या श्रद्धेविषयी विचारले तर काय बोलायचे, असे सगळे तो समजावून सांगतो. तो फार मोकळा, हसतमुख आणि हुशार वाटतो. आपण नकळत त्याच्या बाजूला जाऊन बसतो. संकलक म्हणून मला हा चित्रपटातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग वाटतो, कारण इथे चमू त्याच्या बनवाबनवीत सामील होतो आणि त्याच क्षणी प्रेक्षकही होतो. यापुढे तंबूत बसलेले लोक म्हणजे 'ते' आणि खोलीत बसलेले आपण म्हणजे 'आपण', अशी वाटणी होऊन जाते. ही वाटणी मार्जोने केली आहे. गर्दीला आपल्या बाजूला ओढायचे काम तो वयाच्या चौथ्या वर्षापासून करत आला होता, या वेळी गर्दी तेवढी वेगळी होती.

मग सभा सुरू होतात. घामाने चिंब झालेला तो व्यासपीठावर उड्या मारतो, वाकतो, हात फेकतो. आपल्या हालचाली आपण रॉक गायक मिक जॅगरकडून उचलल्या आहेत हे तो पुढे हसत सांगतो. लोक अगम्य भाषेत बोलू लागतात, त्याने कपाळाला हात लावला की मागे कोसळतात, रडतात, हसतात. सभेतून कट होतो तो खोलीत पलंगावर नोटा मोजणाऱ्या मार्जोवर. हा कट तुम्हाला फार आवडला असे तुम्ही लिहिले आहे. मलाही आवडतो. पण त्याच्याकडे हिशेबाच्या नजरेने बघा. हे पैसे जुने नाहीत. हे सोडून द्यायचे असे मनाशी ठरवलेल्या माणसाने, कॅमेरा चालू असताना, त्याच संध्याकाळी गोळा केलेले ते पैसे आहेत. फसवणूक उघडी करायची म्हणून त्याला आणखी काही सभा फसवाव्या लागल्या. ते पैसे कोणाला परत केल्याचे चित्रपटात कुठेही दिसत नाही, आणि दिग्दर्शकही तो प्रश्न विचारत नाहीत. माझ्या मते चित्रपटाची खरी चूक ही आहे. तो प्रश्न एकदा जरी विचारला असता, आणि मार्जो क्षणभर गप्प राहिला असता, तरी त्या शांततेत या चित्रपटातल्या साऱ्या बोलण्यापेक्षा अधिक काही हाती लागले असते.

आता मुख्य मुद्दा. पेंटेकोस्टल सभेत साक्ष देण्याची एक ठरलेली पद्धत असते. माणूस उठतो, मी किती पापी होतो, दारू कशी प्यायचो, बायकोला कसे छळले हे रंगवून सांगतो, मग प्रकाश कसा दिसला ते सांगतो. ऐकणारे 'आमेन' म्हणतात, रडतात आणि त्याला पोटाशी धरतात. पाप जितके मोठे तितकी साक्ष रंगते. ज्याने आयुष्यभर अशा साक्षी घडवल्या आणि ऐकल्या, त्याला कबुली कशी द्यायची हे कोणी शिकवावे लागत नाही. 'मार्जो' हा दीड तासाचा चित्रपट म्हणजे त्या पद्धतीने दिलेली एक साक्षच आहे, फक्त तंबूच्या जागी शहरातले चित्रपटगृह आहे आणि 'आमेन'च्या जागी समीक्षकांचे कौतुक. आपण वाईट असू, पण दुष्ट नाही, असे तो स्वतःबद्दल म्हणतो, आणि चित्रपट आला त्याच वर्षी जवळजवळ तेच शब्द शीर्षकात घेऊन त्याची गाण्यांची रेकॉर्डही निघाली. पुढे तो नट झाला. १९७४ च्या 'अर्थक्वेक'पासून अनेक चित्रपटांत त्याने कामे केली. प्रवचने मात्र त्याने खरोखरच सोडली, हेही नोंदवले पाहिजे. म्हणून मी त्याला दुसऱ्यांदा भोंदूगिरी केली असे म्हणणार नाही. मी म्हणतो ते एवढेच की, कबुली देणे ही या माणसाची हातखंडा कला होती, आणि जी गोष्ट माणसाला सगळ्यांत सोपी जाते ती त्याच्या पश्चात्तापाचा पुरावा म्हणून धरता येत नाही.

ही साक्ष नेमकी कोणी ऐकली, तेही बघा. दक्षिणेतल्या राज्यांत, जिथे बायबलवरची श्रद्धा सर्वांत कडवी आणि जिथे मार्जोचे खरे गिऱ्हाईक होते, तिथे गहजब होईल या भीतीने चित्रपट नीट प्रदर्शितच केला गेला नाही. तो पाहिला न्यूयॉर्कसारख्या शहरांतल्या लोकांनी, ज्यांना तंबूतली ही सारी मंडळी आधीपासूनच बावळट वाटत होती. निर्णय वितरकांचा होता, त्याचा दोष मार्जोला देता येणार नाही. परिणाम मात्र असा झाला की, ज्यांनी सभेत देणगीच्या बादलीत पैसे टाकले त्यांच्यापर्यंत कबुली पोचली नाही, आणि ज्यांनी एक पैसाही टाकला नव्हता त्यांनी त्याला क्षमा करून टाकली.

तुम्ही म्हणाल, हा मुलगा स्वतःच छळाचा बळी होता, त्याने कोणाचे काय देणे लागावे? हा आक्षेप मी हलका मानत नाही, आणि चित्रपटाची ताकदही तिथेच आहे. त्याने दोन मार्जो एकमेकांशेजारी ठेवले आहेत. जुन्या वृत्तपटातला सूट घातलेला, कुरळ्या केसांचा चिमुरडा हातवारे करत पाठ केलेली वाक्ये फेकतो, आणि त्यानंतर लगेच सत्तावीस वर्षांचा देखणा पुरुष तेच हातवारे करताना दिसतो. पहिला कोणाचेही काही देणे लागत नाही. उलट त्याचेच बालपण लुबाडले गेले. दुसरा स्वतःहून परत आला. जुन्या चित्रफितीवरून आजच्या चित्रणावर जाणारे हे कट आपल्याला मुलाबद्दलची कणव पुरुषाच्या खात्यावर जमा करायला लावतात. हे संकलन उत्तम आहे आणि थोडे लबाडही आहे. तुमच्या महाराजाच्या लहानपणाचे जे प्रसंग तुम्ही लिहिले आहेत त्यांच्याबाबत हे लक्षात असू द्या. त्याला बापाने चटके दिले म्हणून प्रेक्षक त्याला समजून घेईल, पण विधवेची दोन तोळ्यांची पाटली त्याने का घेतली याचे उत्तर चटक्यांत नाही.

श्रोत्यांच्या चेहऱ्यांबद्दल तुम्ही विचारले नाहीत, पण मला बोलायला हवे. १६ मिमी कॅमेऱ्याचे ४०० फुटी रीळ साधारण ११ मिनिटांत संपते आणि अशी सभा काही तास चालते, त्यामुळे त्या काळी काय टिपायचे याची निवड चित्रीकरणाच्या वेळीच करावी लागे. डोळे मिटून थरथरणारी म्हातारी हा कॅमेऱ्याला मोह घालणारा विषय आहे. ती चौकटीत दोन सेकंद दिसली तर प्रेक्षक हसतो. तोच चेहरा दहा-बारा सेकंद ठेवला की हसू विरते, कारण तोवर तिच्या कपाळावरची शीर, खांद्यावर घट्ट धरलेली पर्स, शेजारणीने तिच्या पाठीवर ठेवलेला हात हे सारे दिसू लागते आणि ही बाई इथे काहीतरी दुखणे घेऊन आली आहे हे ध्यानात येते. 'मार्जो'मध्ये दोन्ही प्रकारचे शॉट्स आहेत. माझ्या मते लांब शॉट्स आणखी हवे होते. सभेतले लोक त्या संध्याकाळी जे अनुभवत होते ते खोटे नव्हते. व्यासपीठावरचा माणूस खोटा होता. ही गोष्ट सुटली की असा चित्रपट श्रद्धाळूंची टिंगल होऊन बसतो आणि मग उपदेशकाच्या पश्चात्तापालाही अर्थ उरत नाही, कारण ज्यांना फसवले ती माणसेच नव्हती असे ठरते.

'मार्जो'च्या शेजारी अमेरिकन नट रॉबर्ट डुव्हालचा 'द अपॉसल' (१९९७) हा कथापट ठेवून बघा. ही पटकथा डुव्हालने स्वतः लिहिली, स्टुडिओंनी ती वर्षानुवर्षे नाकारली, शेवटी सुमारे पन्नास लाख डॉलर स्वतःचे घालून त्याने लुइझियानात चित्रपट केला. दिग्दर्शनही त्याचे आणि मुख्य भूमिकाही त्याचीच. त्याचा सनी हा उपदेशक मार्जोच्या उलट आहे. त्याची श्रद्धा खरी आहे, इतकी खरी की रात्री माळ्यावर तो देवावर ओरडून ओरडून भांडतो आणि शेजाऱ्याचा तक्रारीचा फोन येतो. खोटे आहे ते त्याचे नाव. बायकोच्या प्रियकराच्या डोक्यात बेसबॉलची बॅट घालून तो पळतो, पाण्यात उतरून स्वतःच स्वतःचा बाप्तिस्मा करतो आणि दुसऱ्या राज्यात 'प्रेषित ई. एफ.' म्हणून नव्याने जगू लागतो. तिथे तो गाड्या दुरुस्त करतो, खाणावळीत काम करतो, एका निवृत्त कृष्णवर्णीय पाद्रीच्या सोबतीने पडके चर्च उभे करतो. श्रोते म्हणून डुव्हालने बरेच खरे चर्चमधले लोक घेतले, आणि त्यांच्यापैकी एकही विनोदासाठी वापरलेला नाही.

या चित्रपटात सनी जाहीर कबुली देत नाही, हे तुमच्या लक्षात आले का? पोलीस दाराशी येऊन थांबतात, तो प्रवचन पुरे करतो, जवळच्या मौल्यवान वस्तू चर्चसाठी देऊन टाकतो आणि बाहेर जाऊन त्यांच्या स्वाधीन होतो. श्रेयनामावली सुरू असताना तो कैद्यांच्या टोळीत रस्त्याकडेचे काम करताना आणि त्यांनाच उपदेश करताना दिसतो. म्हणजे माणूस बदललेला नाही, बोलणे तेच, ठेका तोच. पण आता पुढे फिरवायला देणगीचे ताट नाही आणि ऐकणाऱ्यांकडे टाकायला काही नाही. प्रायश्चित्त झाले की नाही हे डुव्हाल सांगत नाही. किंमत मात्र मोजून दाखवतो. मार्जोला, उलटपक्षी, कबुलीसाठी काही मोजावे लागले नाही, उलट काही मिळालेच.

आता तुमची पटकथा. आपल्याकडे परिस्थिती थोडी वेगळी आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर आधी वटहुकूम आणि त्याच वर्षाअखेर विधिमंडळाने मंजूर केलेला जादूटोणाविरोधी कायदा आपल्याकडे आहे, आणि चमत्काराचा दावा करून फसवणे हा त्यात गुन्हा आहे. मात्र त्याच कायद्याने कीर्तन, प्रवचन, भजन यांना स्पष्टपणे बाहेर ठेवले आहे. तुमच्या महाराजाने कीर्तन केले म्हणून तो गुन्हेगार होत नाही. अंगाऱ्याने मूल होईल असे सांगून पैसे घेतले तिथे होतो. पटकथेत या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. कीर्तनकार म्हणून त्याला चांगला असू द्या, अगदी उत्तम असू द्या. त्याच्या गळ्यावर, त्याच्या दृष्टांतांवर गाव खरोखर भाळावे. मग अंगाऱ्याचा व्यवहार व्यासपीठावर न दाखवता मागच्या खोलीत, हलक्या आवाजात, दार लोटून दाखवा. पैसे कोणत्या पिशवीत जातात, वही कोण लिहितो, मठाच्या नावाने घेतलेली जमीन सात-बारावर कोणाच्या नावे चढते हे प्रेक्षकाला नेमके कळू द्या, कारण पुढे हेच परत करायचे आहे.

काल्याची कबुली हवी असेल तर तिला शेवटी ठेवू नका, मध्यंतराच्या आसपास आणा. तिथे ती रंगू द्या, गाव रडू द्या, कोणी पाया पडू द्या, आणि त्याला स्वतःलाच कळू द्या की आजचे कीर्तन नेहमीपेक्षा चांगले झाले. ही जाणीव झालेला नटाचा चेहरा मला संकलनाच्या टेबलावर मिळाला तर मी तुमचा ऋणी राहीन. त्यानंतरचा चित्रपट त्याने वही उघडून एकेका दाराशी जाण्याचा असावा. तिथे माइक नाही, टाळ नाहीत, बोलायला जुळलेली वाक्ये नाहीत. काही जण त्याला पैसे परत घेऊन जा म्हणतील, कारण त्यांना महाराज हवा आहे, कर्जदार नको. एखादी दार उघडणारच नाही. जिला मूल झाले नाही तिला परत काय देणार? हे प्रसंग लिहायला अवघड आहेत आणि स्वस्तही आहेत, कारण त्यांना गर्दी लागत नाही. तुमच्या अंदाजपत्रकात सप्ताहाच्या तीन दिवसांचा खर्च बाकी सगळ्याच्या निम्मा आहे, हे मी पाहिले.

गर्दी खऱ्या सप्ताहात चित्रित करण्याचा तुमचा विचार मात्र सोडून द्या. तुमचा नट खऱ्या वारकऱ्यांपुढे खोटा महाराज म्हणून उभा राहिला आणि त्यांना ते ठाऊक नसले, तर तुम्ही स्मिथ आणि कर्नोकन यांच्याच जागी जाऊन बसता, आणि त्यांच्याकडे निदान खरा मार्जो होता. गावकऱ्यांना पटकथा वाचून दाखवा, काय चित्रित होणार आहे ते सांगा, दिवसाची मजुरी द्या आणि मगच माइक लावा. कीर्तनात रमायला त्यांना अज्ञानाची गरज नाही. उद्या नाटकाच्या प्रयोगात त्यांच्यातलाच कोणी तुकोबा झाला तरी त्यांचे डोळे भरतात. पुढचा खर्डा झाला की आधी फक्त दारांवरचे प्रसंग पाठवा. कीर्तने मी नंतर वाचीन.